बस हद्दीबाहेर गेली की तोटा कुणाचा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात शेवटी मी दोन ओळी टाकल्या होत्या, की शहराच्या हद्दीबाहेर जाणाऱ्या सिटी बसबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर लिहा. चार-पाच पत्रं येतील असं वाटलं होतं, आली त्याच्या कितीतरी पट, आणि बहुतेक सगळी शहराला चिकटलेल्या पण शहरात नसलेल्या गावांतून. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, म्हणून ज्या प्रश्नांत बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात असे घेतलेत. मी स्वतः एका परिवहन उपक्रमाच्या हिशेब विभागात बावीस वर्षं नोकरी केलीय, त्यामुळे आकड्यांच्या बाजूनं जे दिसलं ते सांगते. ज्यांनी तक्रार लिहिलीय त्यांच्या गावाचं आणि बससेवेचं नाव मुद्दाम काढलंय.

प्रश्न: ताई, आमचं गाव शहराच्या हद्दीपासून दहा किमीवर आहे. नऊ वर्षं सिटी बस येत होती, दिवसाला बारा फेऱ्या. आधी सहा केल्या, मग चार, आणि दिवाळीनंतर बंदच केली. डेपोत विचारायला गेलो तर म्हणे मार्ग तोट्यात आहे, तुमची ग्रामपंचायत पैसे देते का? मुलगी सेकंड इयरला आहे, रोज सकाळी तिला तीन किमी हायवेपर्यंत गाडीवर सोडतो, तिथून ती वडापनं, म्हणजे सीटमागे पैसे घेणाऱ्या खासगी गाडीनं, जाते. आम्ही काय फुकट फिरत होतो का, तिकीट काढूनच बसायचो ना? (एक शेतकरी वाचक)

दादा, तुमचा राग रास्त आहे. फुकट कुणीच फिरत नव्हतं. पण डेपोतल्या माणसानं जे सांगितलं तेही खोटं नाही, फक्त अर्धं आहे. म्हणून आधी त्याचा हिशेब मांडते आणि मग त्यात काय सुटलंय ते सांगते.

आपल्याकडे सिटी बसचं तिकीट हे बस चालवायच्या खर्चाच्या निम्म्याच्या आसपास पैसे आणतं, कुठे थोडे जास्त, कुठे कमी. उरलेली रक्कम, जिला कागदावर संचलन तूट म्हणतात, ती महापालिका आपल्या बजेटमधून भरते. आता तुमचाच मार्ग घेऊ. शहरात ८ किमी आणि बाहेर १० किमी, एकूण १८. समजा एक किमी बस चालवायला ९० रुपये लागतात आणि तिकिटातून ४५ मिळतात (हे आकडे मी हिशेब कळावा म्हणून धरलेत, तुमच्या बससेवेचे वेगळे असतील). म्हणजे एका एकेरी फेरीला ८१० रुपये कमी पडले. त्यातले ३६० शहरातल्या आठ किमीचे आणि ४५० बाहेरच्या दहा किमीचे. बारा फेऱ्या धरल्या तर बाहेरची तूट दिवसाला ५,४०० रुपये, वर्षाला १९ लाख ७१ हजार. या रस्त्यावर पाच गावं असतील तर गावामागे वर्षाला चार लाखाच्या आतबाहेर.

आता हे ३६० रुपये शहराच्या बजेटमध्ये आहेत, आणि ४५० रुपये कुणाच्याच बजेटमध्ये नाहीत. खरी गोम इथे आहे. मार्ग एक, बस एक, कंडक्टर एक, तुमची मुलगी एक, पण हिशेबाच्या वहीत हद्दीच्या पाटीपाशी रेघ मारलेली आहे आणि रेघेपलीकडचे पैसे द्यायला कुणीच बसलेलं नाही. पैशाची चणचण आली की पहिली कात्री तिथेच लागते. मी स्वतः अशा याद्या टाईप केल्यात, म्हणून सांगते.

आता सुटलेली बाजू. एकदा मला एका अशाच मार्गाचा सर्व्हे करायला पाठवलं होतं. पहाटे गावात पोचले, सहा दहाची पहिली गाडी. वडाखाली बस वळवून उभी, चालक काच पुसतोय, दुधाच्या दोन किटल्या मागच्या दारापाशी, मेथीच्या जुड्या ओल्या फडक्यात बांधलेल्या, तीन मुली गणवेशात, एक नर्सबाई सकाळची पाळी धरायला निघालेली. गाडी पुढे भरत गेली. मी दर थांब्यावर उतरणारे मोजत होते, आणि हद्द ओलांडून शहरात शिरल्यावर पहिल्या मोठ्या चौकात निम्म्याहून जास्त लोक उतरले आणि रस्ता ओलांडून दुसऱ्या बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. म्हणजे त्यांचं दुसरं तिकीट दुसऱ्या मार्गाच्या खात्यात जमा होणार, आणि गावाकडचा मार्ग कागदावर गरीबच दिसणार. ती दुसरी गाडी जी नफ्यातली म्हणून मिरवते तिच्यातले प्रवासी आणले कुणी, तर तोट्यातल्या गाडीनं. एकेक मार्ग सुटा काढून तोलला की हे दिसत नाही. माझ्या अहवालात मी हे लिहिलं होतं, त्यावर पुढे काही झालं नाही, त्याची हळहळ अजून आहे.

दुसरं म्हणजे तुमच्याकडे बाराच्या सहा, सहाच्या चार झाल्या. असं झालं की माणूस बसच्या भरवशावर राहत नाही, जुनी का होईना मोटरसायकल घेतो, पोरींना वडापमध्ये बसवतो. मग चार फेऱ्या असताना कुणीतरी प्रवासी मोजतं आणि म्हणतं, बघा, प्रवासीच नाहीत. मोजायचे तर बारा फेऱ्या असतानाचे मोजायला हवेत. ते आकडे तिकिटाच्या मशीनमधून निघतात, आणि ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. कसे मागायचे ते शेवटच्या उत्तरात लिहिलंय.

आणि ग्रामपंचायतीनं पैसे द्यावेत का? माझं मत सांगते, ते काहींना आवडणार नाही. थोडे द्यावेत. सगळे नाही, चार लाख तर नाहीच नाही, पण वाटा असला की टेबलावर खुर्ची मिळते, आणि फेऱ्या कमी करायच्या आधी तुम्हाला विचारावं लागतं. मोठा भाग मात्र महानगर प्राधिकरण नाही तर जिल्हा परिषद, राज्य सरकार यांनीच उचलायला हवा, कारण शहराभोवतीच्या जमिनींवर इमारतींना परवानगी देताना विकास शुल्क जिथे प्राधिकरण आहे तिथे त्याच्याकडेच जमा होतं.

प्रश्न: मी शहरात राहतो, घरपट्टी वेळेवर भरतो. माझ्या भागात बससाठी अर्धा तास थांबावं लागतं आणि महापालिका बस मात्र तीस-तीस किमी बाहेर पाठवते. आमच्या करातून बाहेरच्यांना सेवा का? (एक निवृत्त वाचक)

काका, तुमचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही, आणि तो दाबून ठेवून उपयोगही नाही, कारण सभागृहात नगरसेवक हेच विचारतात.

आधी कायद्याचं सांगते, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा. त्यात कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कामं आहेत, पाणी, ड्रेनेज, दिवाबत्ती वगैरे, आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं. बस चालवणं ऐच्छिक कामांत येतं. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं जी बारावी अनुसूची आणली, शहरांच्या १८ कामांची, तिच्यात बस थांबे आहेत पण बससेवा असा शब्द नाही. म्हणजे बस चालवायची सक्ती कुणावरच नाही, जी महापालिका चालवते ती आपणहून चालवते. त्यामुळे हद्दीबाहेरची जबाबदारी तर आणखीच अधांतरी.

पण बाहेर जाणारी बस म्हणजे बाहेरच्यांची बस, हे मात्र तपासून बघा. पुण्याचं उदाहरण घ्या. हिंजवडीचं आयटी पार्क कुठल्याच महापालिकेच्या हद्दीत नाही. चाकणची एमआयडीसी पण नाही. रोज सकाळी तिकडे जाणारे कोण आहेत? कोथरूड, औंध, वाकड, भोसरी, पिंपरीत राहणारी, तिथेच घरपट्टी भरणारी माणसं. बस हद्द ओलांडते ती शहरातल्याच लोकांना कामावर सोडायला. उलट दिशेनं तुमच्या सोसायटीत येणाऱ्या ताई, हॉस्पिटलमधल्या आया, बाजार समितीतले हमाल आणि मार्केट यार्डात भाजी घेऊन येणारे, हे सगळे हद्दीबाहेरून येतात कारण हद्दीच्या आत भाडं परवडत नाही. ते बसनं आले नाहीत तर दुचाकीनं येतील आणि तुमच्याच चौकात उभे राहतील, तेव्हा तुमची अर्ध्या तासाची बस पाऊण तासाची होईल.

पुण्यात हद्दीचा प्रश्न एकदा सुटलाय, तो कसा ते बघण्यासारखं आहे. पुण्याची पीएमटी १९५० ची, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी १९७४ ची. मध्ये मुळा नदीवर दापोडीचा हॅरिस पूल, त्याच्या अलीकडे एक महापालिका आणि पलीकडे दुसरी. दोन उपक्रम, दोन डेपो-यंत्रणा, दोन हिशेब. २००७ मध्ये दोन्ही मिळून पीएमपीएमएल ही एकच कंपनी झाली, पुणे महापालिकेचा हिस्सा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के, आणि संचलन तूटही त्याच प्रमाणात वाटून घ्यायची असं ठरलं. आज निगडीहून कात्रजला जाणाऱ्या माणसाला पूल ओलांडताना हद्द कुठे लागली ते कळतही नाही, आणि कळायची गरजही नाही. ६०:४० वर भांडणं होतात, कुणाच्या भागात किती बस यावरून दर बजेटला बोलाबोली होते, पण प्रमाण कागदावर लिहिलेलं आहे म्हणून बस चालू राहते. तिसऱ्या भागाचं, म्हणजे दोन्ही महापालिकांच्या बाहेरच्या पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) क्षेत्राचं, असं प्रमाण सुरुवातीला ठरलंच नव्हतं, आणि पीएमआरडीए २०१५ ला स्थापन झाल्यावरही त्यांनी वाटा द्यावा ही मागणी कितीतरी वर्षं नुसती मागणीच राहिली. बाहेरच्या मार्गांचं घोडं तिथेच अडलं.

तुमच्या भागात अर्धा तास थांबावं लागतं हे चुकीचंच आहे, त्यासाठी वेगळं भांडा, मी तुमच्या बरोबर आहे. पण गावाची गाडी काढून ती तुमच्या थांब्यावर येते असं सहसा होत नाही, आमच्याकडे तर ती बहुतेकदा डेपोत स्पेअर म्हणून उभी राहायची.

प्रश्न: आमच्या रस्त्यावर एसटीपण आहे आणि सिटी बसपण. एसटीत आम्हा बायकांना निम्मं तिकीट, सिटी बसमध्ये पूर्ण. असं का? आणि दोघी एकाच रस्त्यावर असून एकमेकींशी भांडतात का? (एक गृहिणी, पुणे जिल्हा)

ताई, एसटी राज्य सरकारची. १७ मार्च २०२३ पासून महिलांना ५० टक्के सवलत, त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास, आणि या सवलतींचे पैसे राज्य सरकार एसटी महामंडळाला भरून देतं. सिटी बस महापालिकेची, तिला ही भरपाई मिळत नाही, म्हणून ती सवलत देऊ शकत नाही, दिली तर स्वतःच्या खिशातून. कर्नाटकात जून २०२३ मध्ये शक्ती योजना आली तेव्हा बेंगळुरूच्या सिटी बसमध्येही बायकांना मोफत प्रवास मिळाला, कारण तिथली बीएमटीसी ही राज्य सरकारचीच कंपनी आहे, महापालिकेची नाही. त्यामुळे पैसे सरकारच देतं, आणि शहराची हद्द संपली म्हणून तोटा कुणाचा हा वादही आपल्याइतका पेटत नाही.

याचा आणखी एक परिणाम होतो जो मी कुठे लिहिलेला पाहिला नाही. ज्या रस्त्यावर दोन्ही गाड्या आहेत तिथे बायका साहजिकच एसटीची वाट बघतात, पुढे सिटी बस रिकामी जाते, आणि मग शहराबाहेरच्या त्या टप्प्याचं प्रतिकिमी उत्पन्न आणखी घसरलेलं दिसतं. तो रस्ता तोट्यात नव्हता, तो तिकिटाच्या फरकानं तोट्यात गेला. हे आकडे वाचताना लक्षात ठेवायला हवं.

भांडणाचं म्हणाल तर हो, आहे. एसटी लांबची आणि सिटी बस जवळची अशी वाटणी पूर्वी सरळ होती. एसटीची पहिली गाडीच १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली, गावं जोडायला. पण शहरं पसरली, आणि २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला, त्या काळात पुण्याच्या आजूबाजूच्या गावांना सिटी बसनंच हात दिला. संप मिटल्यावर एसटीचं म्हणणं पडलं की आमचे प्रवासी पळवले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएमपीएमएलनं ग्रामीण भागातले काही मार्ग बंद केले. गावकऱ्यांनी विरोध केला, मोर्चे-निवेदनं झाली. दोन्ही बाजूंना आपापला तोटा खरा वाटत होता, आणि खराही होता. एसटीला शिवाय तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर आहे, तिचीही दमछाक होते. मला विचाराल तर एकाच रस्त्यावर दहा मिनिटांच्या अंतरानं दोघी धावण्यापेक्षा वेळापत्रक एकत्र बसवून करावं, सकाळी सहा ते दहा एकीनं, दुपारी दुसरीनं, रात्रीची मुक्कामी एसटीनं. पास मात्र दोन्हीकडे चालला पाहिजे, नाहीतर त्याला अर्थ नाही.

मुक्कामी गाडीचा विषय निघालाच म्हणून सांगते. बस रिकामी डेपोतून गावापर्यंत जाते आणि रात्री रिकामी परत येते, त्याला आमच्यात डेड किलोमीटर म्हणतात. गाव पंचवीस किमीवर असेल तर रोज पन्नास किमी डिझेल किंवा बॅटरी नुसती जाते. गाडी रात्री गावातच थांबली, चालक-वाहकाला शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपायला जागा, पाणी आणि स्वच्छ संडास मिळाला तर हा खर्च वाचतो आणि पहाटेची पहिली गाडीही वेळेवर सुटते. एसटीनं हे वर्षानुवर्षं केलंय. इलेक्ट्रिक बसला गावात चार्जिंग नसतं ही अडचण नवीन आली आहे, तरी एक-दोन डिझेल-सीएनजी गाड्या यासाठी राखता येतात.

प्रश्न: मी खारघरला राहतो. एनएमएमटीच्या बसनं रोज वाशीला जातो. आमची महापालिका पनवेल, बस नवी मुंबईची. मग आमच्या भागातला तोटा कोण भरतं? (एक नोकरदार वाचक)

तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. एनएमएमटी १९९६ पासूनची, नवी मुंबई महापालिकेची. खारघर, कळंबोली, कामोठे हे भाग राज्य सरकारच्या सिडको कंपनीनं वसवले, तेव्हा तिथे महापालिकाच नव्हती, म्हणून बस नवी मुंबईनं दिली. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली. आता तुमच्या घराजवळच्या रस्त्याचा कर पनवेलला जातो आणि त्याच रस्त्यावरून धावणाऱ्या बसची तूट नवी मुंबईच्या बजेटमध्ये पडते. पनवेलनं वाटा द्यावा हा विषय म्हणूनच परत परत निघतो. माझ्या मते पनवेलनं आपल्या हद्दीत धावलेल्या किलोमीटरचे पैसे दरमहा द्यावेत, बस कुणाच्या रंगाची आहे ते बघू नये. स्वतःचा वेगळा उपक्रम काढण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. मुंबई महानगरात आधीच बेस्ट, ठाण्याची टीएमटी, एनएमएमटी, कल्याण-डोंबिवलीची केडीएमटी, मीरा-भाईंदर, वसई-विरार अशी रांग आहे, बेस्टची गाडी ठाण्यात जाते, ठाण्याची मुंबईत येते, एनएमएमटी थेट बोरिवलीपर्यंत जाते, आणि प्रत्येकाचा पास वेगळा, तोट्याचा हिशेब वेगळा.

प्रश्न: कोल्हापुरात हद्दवाढीला विरोध करणाऱ्या गावांची केएमटी (कोल्हापूर महापालिकेची बस) बंद करा अशी मागणी होते. तुम्हाला हे पटतं का? (कॉलेजची एक विद्यार्थिनी)

नाही पटत.

कोल्हापूरची महापालिका १९७२ ची आणि तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही, ६६.८२ चौरस किमीवरच आहे. शहराची बाजू मला कळते, की पाणी, बस, दवाखाने आजूबाजूची गावं वापरतात आणि कर मात्र देत नाहीत. गावांची बाजूही कळते, शेती जाईल, घरफाळा वाढेल आणि सोयी मिळतीलच याची खात्री नाही. हा वाद त्यांनी चर्चा करून, मतदान घेऊन, कोर्टात जाऊन, कसाही सोडवावा. पण बस बंद करून जो दबाव येतो तो सरपंचावर येत नाही, सरपंचाकडे चारचाकी असते. तो येतो तुझ्यासारख्या मुलीवर, जिला घरून सांगतात बस नाही तर कॉलेज बंद. पुण्यात २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली, पुढे त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर काढून वेगळी नगरपरिषद करायचं ठरलं. हद्दीची रेघ अशी पुढेमागे होत राहते. लोकांना रोज जायचं असतं त्या जागा मात्र तिथेच असतात. म्हणून बसचा करार हद्दीपासून सुटा ठेवायचा, गाव आत येवो न येवो, इतके किमी, इतक्या फेऱ्या, इतका वाटा.

नाशिकची सिटीलिंक बससेवा जुलै २०२१ ला सुरू झाली तेव्हाच शहराबाहेर २० किमीपर्यंत जायचं असं धरून सुरू झाली, त्र्यंबकेश्वर, सिन्नर, ओझर अशा गाड्या आहेत. सुरुवातीलाच बाहेरचे मार्ग धरून आखणी केली हे मला आवडलं. तोटा तिथेही नाशिक महापालिकाच उचलते, तो प्रश्न सुटलेला नाही.

प्रश्न: मग भाडं वाढवलं तर तोटा संपेल ना? (एक वाहक)

भाऊ, तुम्ही रोज लोकांच्या हातात तिकीट देता, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बेस्टनं जुलै २०१९ मध्ये कमीत कमी तिकीट ८ वरून ५ रुपयांवर आणलं, प्रवासी वाढले, तूटही वाढली. मे २०२५ मध्ये साध्या बसचं ५ चं १० केलं. पुण्यात १ जून २०२५ पासून कमीत कमी तिकीट १० झालं, दिवसाचा पास ७० आणि संपूर्ण पीएमआरडीएसाठी १५०. दहा-बारा वर्षं काही वाढवायचं नाही आणि मग एकदम दुप्पट करायचं, यात कामगार माणूस भरडतो. दर वर्षी रुपया-दोन रुपये वाढवले असते तर कुणाला इतकं लागलं नसतं. पण तोटा संपत नाही. शहराबाहेरचा प्रवासी लांबून येतो, त्याचं तिकीट आधीच मोठं असतं, त्याच्यावर आणखी टाकलं की तो वडापकडे वळतो, आणि वडापवाला पहाटे पाचलाही येतो हो.

शिवाय आता बऱ्याच बस ठेकेदाराच्या आहेत, त्याला प्रतिकिमी ठरलेला दर मिळतो, गाडी भरलेली असो की रिकामी. म्हणजे खर्च किमीवर ठरलेला, उत्पन्न प्रवाशावर अवलंबून, आणि मधला धोका सगळा महापालिकेचा. म्हणूनच मी म्हणते की वाटणीही किमीवरच करा, निदान तो आकडा वादाचा नाही, जीपीएसवर दिसतो.

प्रश्न: आमच्या गावची बस बंद होणार अशी कुणकुण लागलीय. आत्ताच काय करावं? (महिला बचत गटाच्या सदस्य)

बंद व्हायच्या आधी लिहिलंत हे फार चांगलं केलंत, एकदा गाडीचं शेड्यूल दुसऱ्या मार्गाला दिलं की परत मिळायला वर्षं जातात.

पहिलं, माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून परिवहन उपक्रमाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नुसतं मार्ग तोट्यात का असं विचारू नका, त्याचं उत्तर एका ओळीत येतं. महिन्यानुसार मागा: ठरलेल्या फेऱ्या किती, प्रत्यक्षात झालेल्या किती, रद्द किती आणि कारण काय, तिकीट मशीनप्रमाणे थांब्यानुसार चढलेले प्रवासी, पासधारक किती, प्रतिकिमी उत्पन्न आणि प्रतिकिमी खर्च, मार्गाची लांबी हद्दीच्या आत आणि बाहेर. तीन वर्षांचं मागा. रद्द फेऱ्यांचा आकडा बहुतेक वेळा बोलका असतो, गाडी ब्रेकडाउन होती, चालक नव्हता, म्हणून फेरी झाली नाही आणि दोष प्रवाशांच्या नावावर पडला असं मी पाहिलंय.

दुसरं, तुम्ही स्वतः मोजा. बचत गटातल्या दोघी-दोघींनी वाटून घ्या, एक आठवडा, सोमवार ते रविवार, पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत थांब्यावर वही घेऊन बसा. चढणारे किती आणि बस भरली म्हणून किंवा आलीच नाही म्हणून वडापमध्ये बसलेले किती, दोन्ही लिहा. हा दुसरा आकडा उपक्रमाकडे कधीच नसतो, तो फक्त तुमच्याकडे असेल. शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुलींची संख्या वेगळ्या रकान्यात.

तिसरं, रस्त्यावरच्या सगळ्या गावांनी मिळून ग्रामसभेचे ठराव करा, एकट्या गावाचा करू नका. ठरावात नुसती मागणी नको, आपण काय देऊ ते लिहा. बस वळवायला जागा, तीही रस्त्यापासून आत आणि खडीकरण केलेली, कारण वळायला जागा नाही म्हणून बस अलीकडच्या फाट्यावर सोडतात असं फार ठिकाणी होतं. चालक-वाहकासाठी खोली आणि संडास. जमत असेल तर वार्षिक ठरावीक रक्कम. हे सगळं जोडून परिवहन उपक्रम, महापालिका आयुक्त, जिल्हा परिषद आणि तुमच्याकडे महानगर प्राधिकरण असेल तर तिथेही एकाच दिवशी द्या, आणि प्रत्येकाच्या पत्रावर बाकीच्यांची नावं प्रत म्हणून लिहा, म्हणजे हे आमच्याकडे येत नाही, त्यांच्याकडे जा, असं कुणी म्हणायला नको. पोच घ्यायला विसरू नका, शिक्क्यासकट.

आणि हे पत्र मार्च-एप्रिलमध्येच द्या. आमच्याकडे जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी नवीन शेड्यूल बसायचं, मेच्या शेवटी आलेल्या अर्जांना आम्ही पुढच्या वर्षी बघू असंच सांगायचो.